दुसरी कंकोतरी

हिरा,

त्या दिवशी प्यालो होतो तो मी. तू नव्हतास. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढे ढकललं की माझ्या हातून काय होतं ते तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. ही गोष्ट मी लग्नानंतर सांगणार होतो, मग पहिलं मूल झाल्यावर, मग आप्पामामांचा राग शांत झाल्यावर. आता तू गेलास. प्रकाशा गावच्या घाटावर तुझा दहावा झाला, आणि तिथे पायऱ्यांवर बसलेली माणसं एकमेकांना सांगत होती की माणूस चांगला होता, पण दारूने गेला.

मी तिथेच बसलो होतो. डोकं भादरलेलं, अंगावर ओला पंचा. मला ते शब्द स्पष्ट ऐकू आले.

तुला कावीळ झाली आणि लोकांना हवा होता तो पुरावा मिळाला. पिवळे डोळे, सुजलेलं पोट. कोणी विचारलं नाही की याला कधी दुकानातून, नाल्यातल्या भट्टीवरून, कोणाच्या घरातून पिऊन येताना पाहिलं का. विचारायची गरजच नव्हती. तापीच्या काठचं प्रत्येक घर ते कधीपासून जाणून होतं, आणि ते त्यांना कळलं ते माझ्या लग्नाच्या निमंत्रणातून.

हे लिहितोय ते तुझ्याशी बोलण्यासाठी, पण वाचतील ते दुसरे. म्हणून त्यांच्यासाठी एवढं सांगतो की आपल्या गुजर घरांत लग्नाची पत्रिका, कंकोतरी, टपालाने जात नाही. कुंकवाचं बोट लावलेली ती पत्रिका घरच्या माणसाने घरोघर जाऊन हातात द्यायची, वर गुळाचा खडा ठेवायचा, आणि ‘सगळा येज्या’ म्हणायचं. नेणारा माणूस अंघोळ केलेला, निर्व्यसनी हवा. तो बाटलेला असेल तर कंकोतरी बाटली, आणि कंकोतरी बाटली तर लग्नाला दोष.

खरं तर नवरदेवाने स्वतःच्या कंकोतऱ्या वाटायला जाण्याची रीत नाही. ती खटपट तुझी. तू माझ्या आईपुढे बसून तिला पटवलंस की काठाकाठाने एवढी गावं, बैलगाडीने आठवडा जाईल, आम्ही दोघे मावसभाऊ सायकलींवर गेलो तर लवकर येऊ. बाहेर आल्यावर मला म्हणालास की लवकर कसलं, चांगलं रमतगमत जायचं. लग्नानंतर तू नांगराला जुंपला जाणार, त्याआधी एकदा नदी बघून घे. बिनकामाचं फिरायला आपल्या घरांत कोणाला मुभा नव्हती. कंकोतरी हे तुला सापडलेलं काम होतं.

तेव्हा आपला जिल्हा पश्चिम खानदेश होता आणि दारूबंदी नवीन होती. चैत्र लागला होता. गाडवाटेची काळी माती पिठासारखी झाली होती, आणि चाकं चाकोरीत शिरली की बाहेर निघत नव्हती. माझी सायकल नवी, वडिलांनी धुळ्याहून आणलेली. तुझीला मडगार्ड नव्हतं, घंटी नव्हती, आणि साखळी पडली की तू तिच्याशी बायकोशी बोलावं तसं बोलायचास. मी जोरात पायडल मारायचो. तू मागून ओरडायचास, “हळू चाल ना नवरदेव. नवरी कोठे पळी जाई ऱ्हायनी?”

तेव्हापासून तू मला नवरदेवच म्हणत राहिलास. माझे केस पांढरे झाले तरी. त्या हाकेत टोचणी होती की नाही, हे मी आयुष्यभर ऐकून ठरवू शकलो नाही. नव्हतीच बहुतेक. पण असती तर मला बरं वाटलं असतं.

आपण किती भांडलो त्या वाटेवर. तू म्हणायचास, नदी उताराच्या दिशेने बघावी, पाण्याबरोबर जावं. मी म्हणायचो, पाणी कुठून येतं ते बघण्यात अर्थ आहे. प्रत्येक वळणावर तू सायकल बाभळीला टेकवून खाली उतरायचास आणि ओंजळभर पाणी पिऊन बघायचास. इथलं गोड, इथलं मचूळ. मी वर उभा राहून ऊन किती चढलं ते सांगायचो. वाळूतल्या टरबुजाच्या वाड्यांतून कोणी हाक मारली की तू गेलासच. प्रत्येक गावात कंकोतरी देताना मात्र तू बाजूला उभा राहायचास. पिशवी माझ्या गळ्यात होती. पत्रिका मी द्यायचो, गूळ तू ठेवायचास.

आणि मोहाचा वास. प्रकाशा मागे पडलं, कुकरमुंड्याकडची वाट लागली, तिथून तो सुरू झाला. आता तिकडे गुजरात लागतं. तेव्हा सगळं एकच होतं. उजव्या हाताला लांबवर सातपुडा, डावीकडे नदी, आणि मधल्या पट्ट्यात मोहाची झाडं. बायकांनी झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन स्वच्छ केलेली, आणि त्या काळ्या जमिनीवर रात्रभर टपकलेली फुलं. मी म्हणालो, आंबूस वास आहे, डोकं धरतं. तू म्हणालास, हा सुगंध आहे, तुझं नाक शाळेत बिघडलं. या वादाचा निकालही राहिला.

गोमाबाबाची झोपडी त्याच पट्ट्यात. तुझे वडील आणि तो नदीच्या वाळूत वाट्याने टरबुजं लावायचे. तुझे वडील आदल्या साली गेले तेव्हा त्याला वेळेवर कळलं नव्हतं, आणि ते त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. तुला बघून तो आधी रडला. मग त्याची बायको आत गेली आणि पळसाच्या पानाचे दोन दोने घेऊन आली. त्या मोसमाची मोहाची पहिली दारू होती. तो म्हणाला की तुझ्या बापाच्या नावाने आहे, नाही म्हणू नको.

तू नाही म्हणाला नाहीस. दोना हातात घेतलास, चार थेंब जमिनीवर वडिलांसाठी सोडलेस, दोना कपाळाला लावलास आणि शेजारी बसलेल्याला दिलास. न पिणाऱ्याने मान ठेवायची ती तिथली रीत होती, आणि तुला ती ठाऊक होती. दोना खाली ठेवायचा नाही, परत करायचा नाही, शेजाऱ्याला द्यायचा. शेजारी मी होतो. मलाही तेच करता आलं असतं. मी तो कपाळाला लावून गोमाबाबाला दिला असता तर त्याने तो आनंदाने घेतला असता.

मी प्यालो. मग माझ्या वाट्याचा प्यालो. हिरा, आजवर मी मनाशी असं ठेवलं होतं की यजमानाचा मान राहावा म्हणून प्यालो. ते खोटं आहे. मला ती आवडली. घशातून जाताना जी ऊब गेली ती आवडली. घरापासून लांब, लग्नाच्या आधी, कोणी बघत नसताना काहीतरी करतोय हे आवडलं. अजून आहे का, हे मी विचारलं. तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास, तो मी बाजूला केला.

पुढचं तुला माहीत आहे, कारण ते सगळं तूच निस्तरलंस. काठावरून उतरताना मी वाळूत पडलो, पिशवीतलं कुंकू सांडलं. मी सदऱ्यावर ओकलो. तू मला नदीत बसवून डोकं धुतलंस, उन्हं उतरेपर्यंत करंजाच्या सावलीत झोपवलंस, कैरी चावायला लावलीस. मुक्काम आप्पामामांकडे होता. तुझाही मामा, माझाही मामा, आणि दारूबंदी येण्याच्या कितीतरी आधीपासून दारूचं नाव न घेणारा. नवरदेवाने अशा सदऱ्यात मामाच्या दारात जायचं नाही, म्हणून तू तुझा सदरा मला घातलास आणि माझा धुऊन, ओलाच, स्वतः घातलास. कंकोतऱ्यांची पिशवीही माझ्या गळ्यातून काढून स्वतःच्या गळ्यात घातलीस. पिणाऱ्याचा हात तिला लागू नये म्हणून. वाटेतल्या राहिलेल्या घरांत कंकोतऱ्या तू दिल्यास. लग्नाला दोष लागू नये एवढंच तुझ्या मनात होतं.

मामांच्या ओसरीवर आपण जेवायला बसलो. मामांनी वाटी पुढे केली आणि हात तसाच थांबला. धुतला तरी मोहाचा वास कापडातून जात नाही. त्यांनी वाटी खाली ठेवली.

“दोन्हीस्मा कोन पेयेल शे?”

तू लगेच बोलला नाहीस. लोकांना वाटतं तू पटकन कबूल झालास. नाही. तू आधी माझ्याकडे बघितलंस. मला वेळ दिलास. मामी पोळी घेऊन दारात उभी राहिली होती, ती पोळी मला अजून दिसते. मी ताटाकडे बघत होतो. मला दिसत होतं की उद्या निरोप जाईल, परवा लग्न मोडेल, माझे वडील पाटावरून उठतील. तुझंही लग्न ठरलेलं होतं, मामींच्या भावाच्या मुलीशी, याच घरात बोलणी झाली होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला ते त्या क्षणी दिसलं नाही.

तू म्हणालास, “मी.”

मामांनी तुझ्या गळ्यातून पिशवी काढून घेतली. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की तू मांडवात यायचं नाही, आणि मामीच्या माहेरी मी उद्या कळवतो.

सकाळी तू सायकलच्या साखळीला तेल घालत होतास. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. मला वाटलं तू काहीतरी वाईट बोलशील, आणि मग मला सोपं जाईल. तू मान वर न करता म्हणालास, “लगीन व्हऊ दे. मंग सांगजो.”

एवढंच मागितलं होतंस तू माझ्याकडे.

मामांनी पुढे जे केलं ते त्यांच्या बुद्धीने बरोबरच होतं. पिणाऱ्याने नेलेल्या कंकोतऱ्या त्यांनी बाद ठरवल्या. नव्या लिहून घेतल्या, स्वतःच्या मुलाला घोड्यावर धाडलं, आणि काठावरच्या त्याच गावांत, त्याच घरांत दुसरी कंकोतरी गेली. एका लग्नाची दोन निमंत्रणं कोणालाही चमत्कारिक वाटणार. प्रत्येक उंबऱ्यावर विचारणा झाली आणि प्रत्येक उंबऱ्यावर उत्तर मिळालं, की पहिलीची पिशवी हिराच्या गळ्यात होती आणि हिरा पिऊन होता. गावोगाव दवंडी पिटली असती तरी इतकं पक्कं बसलं नसतं. माझ्या लग्नाला जेवढी माणसं आली, तेवढी तू दारुडा आहेस हे ऐकून आली. बाशिंग बांधून मी त्यांच्या पाया पडलो.

तुझं लग्न मोडलं. दुसरं कोणी विचारायला आलं नाही. तू प्रकाशाच्या रस्त्याला सायकलचं दुकान घातलंस आणि रबराच्या तुकड्यांत, सोल्यूशनच्या वासात बसून राहिलास. माझी पोरं तुझ्याकडे हवा भरायला यायची, तू पैसे घ्यायचा नाहीस. तू माझ्याकडे यायचास तो ओट्यावर बसायचास. माझी बायको चहा बाहेर आणून द्यायची, वेगळ्या कपात. तू कप स्वतः विसळून ठेवायचास. मी तुझ्यासमोर बसून कापसाचं, केळीचं बोलायचो. तू ऐकायचास. ‘मंग’ आला का, असं तू एकदाही विचारलं नाहीस. ते विचारलं नाहीस म्हणून मी तुझा आभारी होतो, आणि आता त्याच आभाराची मला शिसारी येते.

गेल्या वैशाखात माझ्या मुलीचं लग्न निघालं. कंकोतऱ्या लिहून ओसरीवर पसरल्या होत्या. तू ओट्यावरून आत बघितलंस आणि हसत म्हणालास, “कंकोतऱ्या वाटाले मी जाऊ का, नवरदेव?”

मी हसलो. मी खरंच हसलो, हिरा, लोक हसले तसा. आणि पिशवी पुतण्याच्या हातात दिली. तू चहा संपवलास, कप विसळलास आणि सायकल वळवलीस. मडगार्ड तेव्हाही नव्हतं.

मग दवाखाना. खाटेशेजारी तुझा पुतण्या उभा होता, मी खिडकीपाशी. डॉक्टरांनी विचारलं, पितोस का. तू म्हणालास, नाही, कधीच नाही. तुझ्या पुतण्याने तुझ्या डोक्यामागून डॉक्टरांकडे बघून किंचित हसून होकाराची मान हलवली. तू ते पाहिलं नाहीस. पण तू माझ्याकडे पाहिलंस. त्या ओसरीवर पाहिलं होतंस तसंच. सांग म्हणून. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा काही मागत होतास आणि त्यासाठी तोंडही उघडलं नव्हतंस. मामांची भीती आता नव्हती. लग्न मोडायचं नव्हतं. आता तर परवाना काढून माणसं उजळ माथ्याने पितात. मला गमवायला काहीच नव्हतं, फक्त लोकांना वाटतो तो मी. तेवढ्यासाठी मी खिडकीबाहेर बघितलं.

नंतर आपण दोघेच होतो, तेव्हा तू एवढंच विचारलंस की मोह टपकायला लागला का. मी म्हणालो, लागला असेल. सांगायला बसलो होतो. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी तू शुद्धीवर नव्हतास.

दहाव्याहून घरी आलो आणि बायकोला सांगितलं. ती गहू पाखडत होती. सुपातला हात थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी तेस्ले इतला वरीस ओटावर चहा दिन्हा.” मग ती उठून आत गेली. तुझा कप तिने कोनाड्यातून काढून घरातल्या कपांत ठेवला, तो मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी तुझ्या दुकानात गेलो आणि तुझी सायकल मागितली. साखळी दोनदा पडली. गावं तीच, वाट आता थोडी बरी. प्रत्येक उंबऱ्यावर उभा राहिलो आणि म्हणालो की माझ्या लग्नाची पहिली कंकोतरी तुमच्याकडे आली होती, ती बाद करायचं कारण नव्हतं. हिरा प्याला नव्हता. नवरदेव प्याला होता. हिरा कधीच प्याला नाही. मी तुमची आणि त्याची माफी मागायला आलोय.

मला वाटलं होतं शिव्या पडतील. हिरा, त्या पडल्या असत्या तर बरं झालं असतं. कित्येकांना माझं लग्न आठवत नव्हतं. तू पीत होतास एवढंच आठवत होतं. कोणी पाणी दिलं. एक माणूस हसून म्हणाला, “आते तं परवाना भेटस.” एका म्हातारीने कपाळावर आडवा हात धरून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “इतला उन्हमा हाई सांगाले उना का रे?” पुढच्या घरापर्यंत जाताना मला सायकल ढकलत न्यावी लागली. एका दिवसात जे पेरलं गेलं ते इतक्या वर्षांत इतकं खोल गेलंय की मी उंबऱ्या-उंबऱ्यावर डोकं आपटलं तरी उपटून येणार नाही.

आप्पामामा आता खाटेवर असतात. त्यांना दिसत कमी, ऐकू चांगलं येतं. माझं सगळं ऐकून घेतलं. खाटेच्या दोरीची गाठ चाचपत राहिले.

“पिशवी तं तेना गळामा व्हती.”

मी सांगितलं की मी पडलो म्हणून त्याने घेतली. माझा हात लागू नये म्हणून. आणि सदराही माझाच होता.

मामा म्हणाले, “दुसरी कंकोतरी मी धाडेल व्हती. उरेल घरस्मा मन्हं बी नाव सांग.”

उरलेल्या घरांत मी त्यांचंही नाव सांगितलं.

शेवटी मोहाच्या पट्ट्यात गेलो. गोमाबाबा नाही आता. त्याची बायको आहे, कमरेत वाकलेली, झाडाखाली फुलं वेचत होती. तुझं नाव सांगितल्यावर तिने टोपली खाली ठेवली. तिला तू दोना कपाळाला लावून पुढे दिलेला आठवत होता. प्याला तो दुसरा, असं ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे निरखून बघत राहिली. साऱ्या काठावर एक माणूस होतं ज्याला खरं माहीत होतं, आणि तिला कोणी विचारलं नव्हतं.

ती आत जाऊन दोना घेऊन आली. तुझ्या नावाने.

मी झाडाखाली, जाळून काळ्या केलेल्या जमिनीवर बसलो. चार थेंब सोडले. दोना कपाळाला लावला. वास आला, आणि तो सुगंधच आहे, हिरा, त्या वादात तू बरोबर होतास. मग शेजारी द्यायला हात वळवला. शेजारी कोणी नव्हतं. दोना खाली ठेवता येत नव्हता, परत देता येत नव्हता, आणि प्यायचा नव्हता. म्हातारी समोर उभी होती. मी तसाच हात पुढे धरून बसलो, तू जिथे बसला होतास तिथे, आणि जे तुझ्या तोंडावर सांगायचं होतं ते त्या रिकाम्या जागेला, मोठ्याने, तिच्या देखत सांगितलं.

“हिरा, पेणारा मी व्हतू. तू नही. लगीन व्हई गे, आते सांगस. माले माफ कर.”